कावेरीकाठचे कुंभकोणम : नामाचे एक जुने गाव

आमच्या दिंडीच्या पेटीत एक जुनी वही आहे. पानांचे कोपरे गळालेत, शाई पिवळी पडलीय. शंभर वर्षांपूर्वी ज्या मंडळींनी दिंडी उभी केली त्यांच्यापैकी कुणीतरी ती लिहिली. अक्षर वळणदार आहे. पण या वहीत पाच अभंग असे आहेत की त्यांच्या डोक्यावर फक्त एवढंच लिहिलंय : "चाल जुनी." शताब्दीची तयारी सुरू झाली तेव्हा आम्ही ही वही घेऊन बसलो आणि एकमेकांकडं बघत राहिलो. शब्द समोर आहेत, पण जुनी चाल कोणती? ज्या विणेकरीबुवांना ठाऊक होती ते कधीच वैकुंठवासी झाले. लिहिणाऱ्याला वाटलं असणार, चाल काय लिहायची, ती तर सगळ्यांना येते!

मग या स्मरणिकेत कुंभकोणमचा लेख कशाला, असं वाचणाऱ्या माऊलींना वाटेल. त्याचं कारण असं. शताब्दीच्या निमित्ताने आम्ही काही टाळकरी दक्षिणेच्या यात्रेला गेलो होतो. रामेश्वर, श्रीरंगम झालं आणि येताना चार दिवस कुंभकोणमला मुक्काम पडला. तिथं जे पाहिलं, ऐकलं, पुढं वाचून समजून घेतलं, ते आमच्या वहीशी येऊन भिडलं. म्हणून त्या गावाची हकिकत सांगतो.

कुंभकोणम हे तमिळनाडूतल्या तंजावर जिल्ह्यातलं नदीकाठचं शहर. पंढरपुरापासून रस्त्याने हजारएक किलोमीटर. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला तिचाच फाटा अरसलार, आणि दोहोंच्या मधे गाव. २०११ च्या जनगणनेत वस्ती दीड लाखाच्या आतच होती. नगरपालिका १८६६ सालची, महानगरपालिका व्हायला २०२१ उजाडलं. चहूकडं भाताची खाचरं, केळी, पानमळे. जिकडं बघावं तिकडं गोपुर. आपल्याकडं गावात दोन-चार देवळं असतात, तिकडं देवळांच्या मधल्या जागेत गाव वसलंय असं वाटतं.

नावाची कथा अशी सांगतात. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने सृष्टीचं बीज आणि अमृत एका कुंभात भरून ते पाण्यावर सोडलं. पाणी ओसरल्यावर कुंभ या ठिकाणी टेकला. शंकराने किराताचं रूप घेऊन बाण मारला, कुंभ फुटला आणि अमृत सांडलं. अमृताने भिजलेल्या वाळूचं लिंग झालं, तो आदिकुंभेश्वर. गावाचं जुनं तमिळ नाव कुडमूक्कु. कुडम म्हणजे घागर. म्हणजे नाव संस्कृतात घ्या की तमिळात, घागर काही सुटत नाही.

त्या सांडलेल्या अमृताचं तळं म्हणजे महामहम तीर्थ. गुरू सिंह राशीत आला, माशी महिन्याची पौर्णिमा आणि मघा नक्षत्र जुळलं की बारा वर्षांनी इथं पर्वणी भरते. आता ध्यानात घ्या, गुरू सिंहेत आला की आपल्याकडं नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ असतो. गुरू एकच, रास एकच. इकडं गोदावरीत स्नान चाललेलं असतं त्याच काळात तिकडं महामहम येतं. २०१५-१६ ला आपला सिंहस्थ झाला, तिकडचं महामहम २२ फेब्रुवारी २०१६ ला. तिकडचे लोक मानतात की गंगा, यमुना, गोदावरी अशा नऊ नद्या स्वतः त्या दिवशी या तळ्यात येतात. लोकांनी टाकलेल्या पापाचा भार त्यांना झालेला असतो, तो धुवायला! तळ्याकाठच्या काशीविश्वनाथाच्या देवळात या नऊ नद्यांच्या मूर्ती आहेत. त्यातल्या गोदामाईसमोर आम्ही हात जोडले तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यागत वाटलं.

तळ्याच्या काठाने सोळा दगडी मंडप आहेत. तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी ते बांधले. हे नायक मूळचे विजयनगरचे सुभेदार. ज्या विजयनगरातून भानुदास महाराजांनी आपल्या पांडुरंगाला परत आणलं अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो, तेच हे विजयनगर. त्यांच्यातल्या रघुनाथ नायकाने सतराव्या शतकात गावातलं रामस्वामी मंदिर बांधलं. त्याच्याही आधी, चोळ राजांच्या काळात, नवव्या शतकात नागेश्वराचं देऊळ झालेलं. म्हणजे हजार-अकराशे वर्षं एका गावात घंटा वाजते आहे.

वारकऱ्याने मात्र आधी जावं ते शारंगपाणीच्या देवळात. गोपुर अकरा मजली, १७३ फूट. गाभारा रथासारखा घडवलेला, दगडाची चाकं, घोडे, हत्ती. आत भगवंत शेषावर निजलेले. पण नीट बघितलं तर पूर्ण निजलेले नाहीत, किंचित उठू लागलेले आहेत. तिरुमळिसै आळवार नावाचे संत वणवण करत इथं आले आणि देवाला निजलेलं बघून म्हणाले, देवा, असा का पडलायस? चालून चालून पाय दुखले का? उठून दोन शब्द तर बोल! भक्ताचा शब्द ऐकून देव उठू लागला. आळवारांना गहिवरून आलं, म्हणाले, राहू दे, तसाच राहा. तेव्हापासून देव तसाच आहे, ना निजलेला ना उठलेला. आमच्यातले एक बुवा तिथंच डोळे पुसू लागले. आपला पांडुरंग भक्ताने फेकलेल्या विटेवर उभा राहिला तो अजून बसला नाही, आणि हा अर्धा उठलेला अजून निजला नाही. देव भक्ताच्या शब्दात अडकतो हे खरं, मग भीमेकाठ असो की कावेरीकाठ.

याच शारंगपाणीची दुसरी कथा आहे, आणि आमच्या वहीचं दुखणं तिच्यातच सापडलं. नाथमुनी नावाचे आचार्य नवव्या-दहाव्या शतकात होऊन गेले. कावेरीच्याच मुलखात काट्टुमन्नारकोईल इथं ते राहात. एकदा यात्रेकरूंनी त्यांच्यासमोर कुंभकोणमच्या या देवावरची दहा पदं म्हटली. ऐकून नाथमुनी वेडावले. शेवटच्या पदात म्हटलं होतं की हजारांतली ही दहा. नाथमुनींनी विचारलं, मग बाकीची कुठं आहेत? कुणालाच माहीत नव्हतं. लोकांनी दहा जपली होती, बाकीची गेली होती. नाथमुनी उठले आणि शोध करत पार ताम्रपर्णीच्या काठी, ज्या नम्माळवारांनी ती रचली त्यांच्या गावी गेले. तिथंही पदं कुणाला येत नव्हती. नम्माळवारांच्या शिष्याचं एक स्तोत्र तेवढं शिल्लक होतं. नाथमुनींनी त्याचा बारा हजार वेळा जप केला. तेव्हा नम्माळवारांनी दर्शन दिलं, आणि मागितली होती हजार, दिली चार हजार. तेच आळवारांचं दिव्यप्रबंध. नाथमुनींनी नुसतं मिळवून ठेवलं नाही. आपल्या दोन भाच्यांना ते चालीसकट शिकवलं आणि देवळात रोज म्हणायची रीत घालून दिली. आजही ती रीत मोडलेली नाही.

तुकोबारायांची गाथा इंद्रायणीने परत दिली ही आपली श्रद्धा. पण गाथा कोरडी निघाली तरी ती पुढं तरली कशावर? माणसांच्या तोंडावर. नाथमुनींच्या कथेचंही मर्म तेच. बुडालेलं परत मिळतं, पण मिळालेलं रोज म्हणावं लागतं.

आता आपल्या माणसांची गोष्ट. शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरची गादी घेतली. कुंभकोणमपासून तंजावर साधारण चाळीस किलोमीटर. तिथून १८५५ पर्यंत या मुलखात भोसल्यांचं नाव होतं. तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरवलं, ते आजही वाचता येतं. त्यांचा सरस्वती महाल ग्रंथसंग्रह प्रसिद्धच आहे, त्यात मराठी हस्तलिखितंही पुष्कळ. समर्थांचे शिष्य भीमस्वामी यांचा मठ तंजावरला झाला. राजाबरोबर कारकून गेले, शिपाई गेले, पुराणिक-कीर्तनकार गेले. त्यांचे वंशज अजून तिकडं आहेत आणि घरात तंजावरी मराठी बोलतात. इंदूर-बडोद्याचे नावाजलेले दिवाण सर टी. माधवराव अशाच घराण्यातले. त्यांचा जन्म १८२८ चा, कुंभकोणमचाच.

व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे यांनी १६९३ साली कुंभकोणमजवळचं तिरुविसनल्लूर हे गाव ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दिलं. त्या गावात श्रीधर अय्यावाळ नावाचे सत्पुरुष राहात. त्यांची कथा आपल्या पैठणला नेऊन ठेवली तर कुणाला परकी वाटणार नाही. त्यांच्या घरी वडिलांचं श्राद्ध होतं. स्वयंपाक झालेला, आणि दारात एक भुकेला अंत्यज आला. अय्यावाळांनी श्राद्धाचं अन्न त्याला वाढलं. ब्राह्मणांनी बहिष्कार टाकला, म्हणाले गंगास्नान करून या, मगच शुद्ध व्हाल. एका दिवसात काशी कशी गाठायची? अय्यावाळांनी गंगेची स्तुती केली आणि परसातल्या विहिरीत गंगा उसळून आली, गल्लीभर पाणी झालं. आजही कार्तिकातल्या अमावास्येला लोक त्या विहिरीवर स्नानाला रांग लावतात. आमच्या एकनाथ महाराजांनी श्राद्धाचं अन्न भुकेल्यांना वाढलं तेव्हा पितर स्वतः जेवायला आले, ही कथा आम्ही त्यांना सांगितली. तिथले एक वृद्ध भागवतर ऐकत होते. हसून म्हणाले, नाथ आम्हाला ठाऊक आहेत. त्यांना आधीपासून माहीत होतं!

अय्यावाळांच्याच काळात बोधेंद्र सरस्वती झाले. नाम हेच साधन, दुसरं काही लागत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. १६९२ साली कुंभकोणमजवळ गोविंदपुरम इथं नदीच्या वाळूत त्यांनी समाधी घेतली. पुढं नदीने पात्र बदललं, जागा कुणाला सांगता येईना. शंभरएक वर्षांनी मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी वाळवंटात हिंडत, जमिनीला कान लावत. एके ठिकाणी वाळूतून रामनाम ऐकू आलं आणि समाधी सापडली, असं तिकडं सांगतात. आळंदीत माऊलींच्या कंठाला अजानवृक्षाची मुळी लागली ती नाथांनी जाऊन काढली, समाधीचं स्थान लोकांना पुन्हा दाखवलं. तिकडंही तसंच.

हे सद्गुरुस्वामी १७७७ ते १८१७, चाळीसच वर्षं जगले. पण भजनाची पद्धत बांधली ती त्यांनी. कुठलं पद आधी, कुठलं नंतर, दिव्याभोवती नाचत भजन केव्हा, सगळा क्रम ठरवला. जसा आपल्याकडं पंचपदी, हरिपाठ, काकडा यांचा क्रम असतो तसा. आणि या दक्षिणी भजनाच्या क्रमात आपले अभंग आहेत बरं का! पुरंदरदासांची कानडी पदं, संस्कृत अष्टपदी, आणि त्यांच्या रांगेत तुकोबा, नामदेव. तंजावरला मराठी कीर्तन इतकं रुजलं की पुढं तमिळ हरिकथा त्याच्याच अंगाने घडली. तंजावर कृष्ण भागवतर हे त्यातले मोठे नाव. मराठी कीर्तनकारांचं ऐकून त्यांनी ती रीत तमिळात आणली. त्या हरिकथेत आजही साकी, ओवी, अभंग आणि 'दिंडी' हे छंद गातात. दिंडी! आमच्या चोपदारांनी तो शब्द ऐकला आणि आधी इकडं-तिकडं पताका शोधल्या.

गोविंदपुरमला आता विठ्ठल-रुक्मिणीचं मोठं मंदिर आहे. विठ्ठलदास महाराजांनी २०११ साली ते उभं केलं. शिखर आपल्याकडच्या धाटणीचं, गोपुरांच्या मुलखात लांबूनच वेगळं ओळखू येतं. तिथं एका सायंकाळी अभंग सुरू झाला. म्हणणारे सगळे तमिळ. पुढ्यात वही, अक्षरं तमिळ. तमिळ लिपीत क आणि ग ला एकच अक्षर, त आणि द ला एकच. त्यातून मराठी शब्द उचलायचा म्हणजे काय कष्ट! उच्चार थोडे वेगळे होत होते. पण ठेका चुकत नव्हता, चाल ढळत नव्हती, आणि बारा-चौदा वर्षांची मुलं वही न बघता म्हणत होती. आम्ही विचारलं, अर्थ कळतो का? एक जण म्हणाला, थोडा. आधी पाठ करायचं, अर्थ आजोबा सांगतात.

खरं सांगतो, आम्हाला आनंद झाला आणि लाजही वाटली. ज्यांची ही भाषा नाही त्यांनी चालीसकट जपलं. आम्ही मराठी, आमच्या पेटीत वही, आणि "चाल जुनी" म्हणजे कोणती ते आम्हाला सांगता येत नाही.

या गावच्या रोजच्या जगण्यातही हात आणि कान यांवरच विद्या चालते. जवळच्या स्वामीमलैला पंचधातूच्या मूर्ती घडतात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाची माती, मग भट्टी. मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातू ओततात. एका साच्यातून एकच मूर्ती, पुन्हा नवी करायची तर पुन्हा मेण. नाचियारकोईलला पितळी समया, तिरुभुवनमला रेशीम. रेशमाचे विणकर सौराष्ट्री, त्यांची घरची बोली ऐकताना मधेच एखादा शब्द आपला वाटतो. सकाळी पितळी डबऱ्या-पेल्यातून 'डिग्री कॉफी', जेवणावर कुंभकोणमचं विड्याचं पान. गणिती श्रीनिवास रामानुजन याच गावात वाढले. शारंगपाणीच्या समोरच्या रस्त्यावर त्यांचं लहानसं कौलारू घर आता जपून ठेवलंय. वडील कापडदुकानात कारकून, आई देवळात भजनं म्हणायची. घर बघून आमच्यातल्या एका मास्तरांनी ओट्यावर डोकं टेकलं.

सगळंच गोड आहे असं नाही. १८ फेब्रुवारी १९९२ च्या महामहमला तळ्यावर चेंगराचेंगरी होऊन सुमारे पन्नास भाविक गेले. तीर्थाला आलेली माणसं घरी परतली नाहीत. आम्ही त्या पायऱ्यांवर उभं राहून दोन मिनिटं नाम घेतलं. गर्दीत भक्ती वाढते आणि शिस्त सुटली तर तीच गर्दी काळ होते. आपल्या दिंडीत चोपदाराचा दंड वर झाला की टाळ थांबतात, ओळीतला माणूस ओळ सोडत नाही. पोरांना कधी कधी हा जाच वाटतो. तो जाच नाही, मागच्या पिढ्यांनी शिकून ठेवलेलं शहाणपण आहे. वारीत गर्दी दरसाल वाढते आहे, म्हणून हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

दुसरं दुखणं नदीचं. आम्ही गेलो तेव्हा कावेरीत नुसती वाळू होती. १९३४ साली वर मेट्टूरचं धरण झालं. त्याचं पाणी १२ जूनला सोडायची रीत, पण धरणात असेल तर! आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, तिकडच्या बायका नदीला हळद-कुंकू, फुलं, नवा पिवळा दोरा वाहतात. पाणी नसेल त्या वर्षी नळाशी किंवा विहिरीशी पूजा करतात, पण चुकवत नाहीत. आषाढीला आपण चंद्रभागेत उतरतो, तेव्हा पाणी कसं असतं ते प्रत्येकाने बघितलंय. नदी आई म्हणायची आणि तिच्यात काय सोडायचं याचा विचार करायचा नाही, हे चालणार नाही. आमच्या दिंडीने शताब्दीपासून पत्रावळीचा एक तुकडाही वाळवंटात टाकायचा नाही असं ठरवलं आहे. ठरवलं आहे, पाळायचं तुम्ही-आम्ही.

आता वहीचं सांगतो आणि थांबतो. गावी आल्यावर आम्ही नाथमुनींची कथा हरिपाठानंतर देवळात सांगितली. दहा पदांवरून ते हजारांच्या शोधाला गेले, आपण पाच चालींसाठी काय केलं, असं बोललो. दुसऱ्या दिवशी एक आजी देवळात आल्या. नव्वदीला टेकलेल्या. लहानपणापासून डोक्यावर तुळस घेऊन दिंडीमागं चाललेल्या. म्हणाल्या, "अरे, त्या वहीतलं पहिलं मला येतंय. माझी आई दळताना त्याच चालीवर म्हणायची." आणि म्हणू लागल्या. आवाज कापरा, पण चाल सरळ. मृदंगवाल्याने हळूच ठेका धरला. अभंग संपला तेव्हा देवळात कुणी बोलेना. आम्ही विचारलं, आजी, इतकी वर्षं सांगितलं का नाही? म्हणाल्या, "कुणी इचारलं?"

पाचातल्या दोन चाली त्यांना येतात. त्या मोबाइलवर भरून घेतल्यात. पण मोबाइलवर सोडून भागणार नाही म्हणून दर एकादशीला दहा पोरं-पोरी त्यांच्यापुढं बसून शिकताहेत. उरलेल्या तीन चाली अजून सापडलेल्या नाहीत. आम्ही हजार किलोमीटर लांब जाऊन आलो आणि दोन चाली आमच्याच गल्लीत होत्या. बाकीच्या तीनही कुणाच्या तरी ओठावर असतील, पलीकडच्या गावात, माहेरी गेलेल्या लेकीकडं, शेजारच्या फडात. हा लेख वाचणाऱ्यांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं आणि एवढंच विचारावं : जुनी चाल येते का? वहीतले ते पाचही अभंग या अंकाच्या शेवटी छापले आहेत. त्यातल्या तीनांवर अजून तेच लिहिलंय, "चाल जुनी." पुढच्या शंभर वर्षांच्या वहीत तरी तसं लिहायची वेळ येऊ नये, एवढंच पांडुरंगाजवळ मागणं.

राम कृष्ण हरी.